पाड्यावरची म्हातारी

"अपंगांचे दाखले कसे मिळतात ते आम्हाला माहीत आहे. चालून दाखव, म्हातारे."

डहाणूच्या पंचायत समितीच्या ऑफिसात साहेब असं म्हणाला तेव्हा मी चहाचा ट्रे धरून उभा होतो. समोर फरशीवर बसलेली म्हातारी माझी आई. आमच्याकडे आयस म्हणतात. तिचे दोन्ही पाय लहानपणीच गेले. लग्नानंतर मी तलासरीला वेगळा झालो, ती पाड्यावर एकटीच राहिली. शेजारणीने तिला कासाहून जीपमध्ये बसवून आणलं होतं. घरकुलाचा अर्ज का नाकारला, एवढंच विचारायला.

ती तळव्यांवर अंग ओढत टेबलापर्यंत गेली. क्लार्क म्हणाला, "सर, ही तर आपल्यापेक्षा फास्ट आहे." सगळे हसले. मीही हसलो. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

साहेबाने पाहणीचा फोटो पुढे सरकवला. ताजी सारवलेली भिंत, तिच्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी नक्षी. खाली शेरा: घर राहण्यायोग्य. झालं होतं असं की, पाहणीला ऑफिसचा माणूस येणार कळल्यावर आयस दोन दिवस कुडाची भिंत सारवत होती. बसल्या बसल्या हात पोचला तेवढीच. वर नुसत्या कारवीच्या काड्या, छपरातून आभाळ. फोटो निघाला तो खालच्या भिंतीचा.

"पावना घरा येनार, मग भित नाय सारवाची?" आयस म्हणाली.

साहेब माझ्याकडे वळला. "तुझ्याच भागातली ना? कोण ही?"

माझं शिपायाचं कंत्राट दर अकरा महिन्यांनी त्याच्या सहीने वाढतं. मी म्हणालो, "आमच्या पाड्यावरची म्हातारी आहे, सर."

आयसने माझ्याकडे बघितलं. मग त्याला म्हणाली, "हां सायेब. पाड्यावरचाच पोर हाय तो."

सांभाळून घेतलं मला. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

साहेबाने एक कागद काढला. 'मी घरकुलाची मागणी स्वखुशीने मागे घेत आहे, अर्ज नाकारल्याबद्दल तक्रार नाही.' म्हणाला, हिला पुन्हा फेऱ्या नकोत. अंगठा घे हिचा, असं मलाच सांगितलं. मी शाईचं पॅड उघडलं, तिचा अंगठा धरला. तिने तो ढिला सोडला. वाचता येत नसलं तरी तिला कळलं होतं. माझी नोकरी राहावी म्हणून ती घर सोडून देत होती.

मी पॅड बंद केलं.

"ही माझी आयस आहे. अंगठा मिळणार नाही."

मग मघाशी खोटं का बोललास, साहेबाने विचारलं. म्हटलं, लाज वाटली. तिची. माझ्या सख्ख्या आयसची.

फेरपाहणीचा अर्ज त्याच दिवशी दिला, पोच घेतली. कंत्राट या महिन्यात संपतंय. सही होणार नाही, ते दिसतंच आहे. आयस म्हणते, जाऊ दे पोरा. ती जन्मभर जाऊ देत आली, मीही. आता नाही. पालघरला जिल्ह्याच्या ऑफिसात जाईन, घर मंजूर होईस्तोवर तिथल्या दारातून उठणार नाही. आयसने मला माफ केलंय. मी करणार नाही. मला नाही, आणि त्या ऑफिसातल्यांनाही नाही.