तुरटीचे हात आणि लिंबाची साल

दुकानात चेहरा उजळवणाऱ्या पावडरीचा डबा दिसला की माझं डोकं सटकतं. डब्यावर हिरवंगार लिंबू, शेजारी दात दाखवणारी गोरीपान बाई. त्याच लिंबाच्या सालीनं माझ्या आत्याचे हात कोपरापर्यंत भाजून काढले, ते कुणी छापत नाही. म्हटलं, आपणच सांगावं.

आत्याला सगळी वस्ती तुरटी म्हणायची. बोलली की समोरच्याचं तोंड आवळायचं. पण कुणाचं भांडण फारच गढूळ झालं की निवळायला तिलाच हाक मारायचे. नवरा गेलेला, मुलगा लांबच्या ट्रकवर ड्रायव्हर. घरात ती, सून आणि सुनेचं तीन वर्षांचं पोर. सासू-सून दोघी लिंबाच्या सरबताच्या कारखान्यात कामाला. सरबताशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांच्या वाट्याला साल.

आधी ही साल नाल्यात जायची. ढीग कुजायचा, माश्या घोंघावायच्या आणि मालक नाकाला रुमाल लावून गाडीत बसायचा. मग कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं की साल म्हणजे कचरा नाही. सालीतलं तेल साबणवाले घेतात, पांढरा गर मुरंब्याला घट्टपणा आणतो, वाळवून दळलेली साल पावडरवाले उचलतात. झालं! नाल्याचं सोनं झालं. मागच्या आवारात फरशी घातली आणि बायका बसवल्या. यंत्रातून पिळलेल्या अर्ध्या लिंबांच्या वाट्या घसरत यायच्या. त्यातला चोथा नखानं खरवडायचा, वाटी उलटी करायची, उन्हात पसरायची. डोक्यावर छप्पर नाही. का? तर साल वाळली पाहिजे. साल वाळायची आणि तिच्याबरोबर बायकाही.

बाह्यांना रस लागला की कपडा चिकट होतो, डाग जात नाही, म्हणून बायका बाह्या वर सारून बसायच्या. जेवणाची सुट्टी झाली की ताज्या वाट्या घेऊन हात घासायच्या. चिकटा निघतो, वास छान येतो, साबण वाचतो. नळ कारखान्याच्या पुढच्या अंगाला, तिथवर जायला मुकादमाची परवानगी लागायची. मग कोण जातंय? घासलेले हात तसेच उन्हात सुकवायचे. यात सगळ्यांत पुढे तुरटी. स्वच्छतेचं वेड तिला. मनगटापासून कोपरापर्यंत अशी घासायची जशी तांब्याची कळशीच उजळतेय.

एके दिवशी हातांची आग सुरू झाली. मग फोड आले, पाण्यानं टम्म भरलेले. ते फुटले आणि खाली काळेकुट्ट पट्टे उमटले. मुकादमानं पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकला.

"हे लागट दिसतंय, दुसऱ्याला लागायचं. उद्यापासून येऊ नका."

"लागट कशावरून? तुम्ही काय डॉक्टर?"

"डॉक्टर नाही, पण डोळे आहेत मला. पावडर लोक तोंडाला लावतात, बाई."

घरी सुनेनं पोराला आत्याच्या मांडीवरून उचललं. तांब्या वेगळा केला, अंथरूण वेगळं केलं. पोर रडत आजीकडे धावायचं आणि सून त्याला दंडाला धरून मागं ओढायची. मी गेलो तेव्हा तुरटी उंबऱ्याशी बसली होती, हात फडक्यात गुंडाळून.

"घरात ये की आत्या," मी म्हटलं.

"माझं घर इथपर्यंतच आहे आता. मुकादमानं परत घेतलं तर आत जाईन. त्यानं घेतलं की रोग नाही हे यांना पटेल. माझ्या शब्दाला कोण विचारतो!"

सून आतून म्हणाली, "मामंजी असते तर त्यांनीही हेच केलं असतं. पोराला झालं म्हणजे?"

"तुझे मामंजी असते तर तुझ्या कानाखाली आवाज निघाला असता," तुरटी म्हणाली.

मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, पण तिनं तो प्रश्न विचारला जो इतक्या दिवसांत कुणीही विचारला नव्हता. "तुम्ही काम काय करता?"

आत्यानं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी फोड कुठून कुठवर आहेत ते पाहिलं.

"हा रोग नाही. लिंबाचा रस, सालीतलं तेल अंगाला लागलं आणि वर ऊन पडलं, तर कातडी अशी भाजते. लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी फोड येतात. डाग जायला महिने लागतील. दुसऱ्याला लागत नाही. हात पाण्यानं धुवा, झाका आणि सावलीत बसा."

"म्हणजे मीच मला रोज घासून भाजलं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं ना."

"नाही. लिंबू तेवढं ओळखीचं वाटलं, म्हणून फसले," आत्या म्हणाली. रस्त्यात मात्र ती मुकादमाच्या सात पिढ्या धुवत चालली होती आणि मी मान खाली घालून ऐकत होतो.

मुकादम केबिनमध्ये पंख्याखाली होता. मी डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. तेव्हाच मला कळलं की हे त्याला नवं नाही.

"असं करा आत्याबाई. उद्यापासून या. तुम्हाला आत, बाटल्या पुसायला ठेवतो. सावलीत. फक्त बाहेर बोलू नका. या बायका उठल्या तर मालक माझी कातडी सोलेल."

पाहा हा माणूस! त्याच्या कातडीची काळजी, यांची नाही.

तुरटीनं हातावरचं फडकं घट्ट केलं. हवं होतं ते मिळत होतं. काम, घर, मांडीवर नातू. फक्त तोंड मिटायचं. मला वाटलं, मिटेल. मिटलं असतं तर मी तिला बोल लावला नसता.

ती उठली आणि थेट मागच्या आवारात गेली. जेवणाची सुट्टी होती. बायका वाट्यांनी हात घासत होत्या.

"टाका ती साल!" ती ओरडली. "रोग नाही हा! हीच साल आणि हेच ऊन भाजतंय! नळावर चला, हात धुवा!"

मुकादम मागून धावत आला. "खोटं आहे! हिच्याच अंगात रोग आहे!"

कुणी हललं नाही. मग भिंतीकडेला बसलेली एक बाई उठली. सगळ्या बायकांत हिच्याच बाह्या मनगटापर्यंत खाली होत्या. तिनं त्या वर सारल्या. फोड, पट्टे, सगळं तेच. ती माझ्या आत्याची सून होती.

"मलाही आहे. लपवलं. माझ्यावर संशय नको म्हणून सासूलाच लांब बसवलं. दोघींचं काम गेलं असतं तर चूल कशावर पेटली असती?"

मग दुसरीनं दंड दाखवला, तिसरीनं मान. बायका उठल्या आणि नळाकडे निघाल्या, परवानगी न विचारता. यंत्र चालूच होतं. वाट्या घसरत राहिल्या, फरशीवर ढीग झाला आणि दुपार कलेपर्यंत तो आंबट वास पार मालकाच्या खोलीत शिरला.

आठवड्याच्या आत छपराचे पत्रे आले. मागच्या बाजूला नळ आला. हातमोजे आले, तेही फाटके. तुरटीला मात्र बोलावणं नाही. मुकादम म्हणाला, जीभ लागट आहे.

त्यानं हे म्हटलं त्याच संध्याकाळी सुनेनं पोर आणून आत्याच्या मांडीवर ठेवलं. माफीबिफी काही नाही. तुरटीही गोड बोलली नाही. "लपवलंस ते लपवलंस, वर मलाच उंबऱ्यावर बसवलंस. लाज आहे का?" ती म्हणाली. सून म्हणाली, "आहे." मग दोघी बराच वेळ भांडल्या, आणि पोर तसंच झोपून गेलं.

सकाळी सून कामाला निघाली तेव्हा तुरटीही चपला घालून बाहेर पडली. छपराखाली जाऊन तिनं आपली जागा धरली आणि समोर वाट्यांची पाटी ओढली. मुकादम आला, तिच्यापाशी थांबला. बायकांनी हातातलं काम थांबवलं आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या. तो पुढे गेला.