अर्ध्या लोखंडाच्या माणसाचा संसार

एकाहत्तरच्या लढाईत माझ्या नवऱ्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. पुण्याला कृत्रिम पाय बसवून ते कोल्हारला परतले आणि मनमाडच्या रस्त्यालगत त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. सकाळी त्या पायाचे पट्टे आवळून दिले की मी गावच्या शाळेत शिकवायला जायची. शाळा सुटली की दुकानात जाऊन बसायची. ते तारांना डाख देत असायचे आणि मी वाचनालयातलं मासिक मोठ्यानं वाचायची. विज्ञानकथा त्यांना फार आवडत.

एका अंकात अर्धा माणूस आणि अर्धं यंत्र असलेल्या नायकाची कथा होती. सायबोर्ग हा शब्द मला फार पुढे कळला. अपघातानंतर शास्त्रज्ञ त्या नायकाला लोखंडी हातपाय बसवतात. हळूहळू त्याची माया आटते आणि शेवटी बायकोला सोडून तो परग्रहावर निघून जातो. वाचता वाचता मी अडखळले. ह्यांना काय वाटेल, या विचारानं पुढचं पान उलटेना.

"थांबलीस का? वाच की," ते म्हणाले.

शेवट ऐकून त्यांनी मान हलवली. "हे काय पटलं न्हाई. तिकडं परग्रहावर त्याचे पट्टे कोन आवळनार?"

मला हसू आलं. "मग तुम्हीच सांगा खरी गोष्ट. मी लिहिते."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. आमचा नायक गावी परतला. पावसाळ्यात त्याचे सांधे करकरत आणि बायको त्यात तेल घाली. कधी कधी नसलेल्या पायाला मुंग्या येत. हे ते इतकं सहज बोलून गेले, की माझा हात थांबला. तोवर मला हे ठाऊकच नव्हतं.

"दुखतं का हो?"

"न्हाई. पाय हाय असं वाटतं नुसतं."

घरी सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना सगळी कथा वाचून दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यो मानूस जेवतो का?"

"जेवतो की."

"कोनाच्या हातचं?"

"बायकोच्या."

"मग बरं चाललंय त्याचं," म्हणून त्या पुन्हा शेंगांकडं वळल्या.

नगरच्या एका दिवाळी अंकानं आमची कथा छापली. सोबत डोक्यावर एरियल असलेल्या माणसाचं चित्र होतं. ह्यांनी ते कापून दुकानाच्या भिंतीला चिकटवलं.

एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "हे कोन हो?"

"मीच," ते म्हणाले, आणि त्याच्या रेडिओचं झाकण उघडून आत बघू लागले.