बाईंची वायर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या बाकीच्या भानगडी तिला पाठ आहेत, आणि त्या काढून ती चारचौघांत माझी टरही उडवते. पण ही एक मी कधी तोंडातून बाहेर पडू दिली नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच बहुधा तुमच्याशी बोलायला जीभ रेटतेय.

गोष्ट घरी घेतलेल्या इंटरनेटची आहे. यात काय एवढं, असं वाटेल. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच विचारत आलो — यात काय एवढं?

नवं शतक लागून थोडीच वर्षं झाली होती. मी चांदवडहून नाशकात आलो, सातपूरच्या एका कारखान्यात चिकटलो आणि गंगापूर रोडला भाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये एकटा राहू लागलो. कारखान्यात मशीनच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नसे. सुट्टीच्या दिवशी तर दूधवाल्याशी जे बोललो तेच. सायबर कॅफेत मला ऑनलाइन गेमचा नाद लागला तो यामुळेच. गोळ्या झाडण्याचा खेळ, पाच जणांची टीम — कुणी इंदूरचा, कुणी कोल्हापूरचा. हेडफोन लावला की चार माणसं मला नावानं हाक मारायची. हसू नका — पण माझ्यासाठी ते फार होतं.

मग घरी कनेक्शन हवंच झालं. गेमला नुसता स्पीड पुरत नाही, लाइन अडखळता कामा नये. अडखळली की आपण मेलेलो असतो आणि आपल्याला ते मागाहून कळतं. फोनच्या लाइनवरचं ब्रॉडबँड उत्तम, पण त्याला आपल्या नावावर फोन लागतो, आणि मी भाडेकरू. उरला केबलवाला. टीव्हीच्या केबलबरोबर तो आता गच्च्यांवरून नेटचीही वायर ओढत होता. त्यानं बिल्डिंगकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, एका घरासाठी परवडत नाय. अजून एक गिऱ्हाईक बघा, लगेच जोडून देतो."

माझ्या समोरच्या दारात पगारे बाई राहायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान वारलेले, एकुलता एक मिलिंद अमेरिकेत. त्यानं नुकताच त्यांना कॅमेऱ्यासकट कॉम्प्युटर घेऊन दिला होता. कुठलं कनेक्शन घेऊ, असं त्यांनी मलाच विचारलं. त्यांच्या घरी फोन होता, त्यांच्याच नावावर. शाळकरी पोरानंही सांगितलं असतं, की बाई, फोनवरचं घ्या.

मी म्हणालो, "फोनवरचं नका घेऊ. नेट चालू असलं की फोन लागत नाही. मिलिंदचा अडीअडचणीला फोन आला तर?"

जुन्या डायलअपचं तसं होतं. नव्या ब्रॉडबँडचं नव्हतं — आणि हे मला चांगलं माहीत होतं. बाई घाबरल्या. घाबराव्यात म्हणूनच तर मी मिलिंदचं नाव घेतलं होतं. त्यांनी केबलवाल्याला हो म्हटलं.

केबलवाल्यानं जोडणीचा डबा माझ्या गॅलरीत बसवला. ज्याच्या घरची वीज वापरायची त्याला बिलात सूट द्यायची, ही त्याची सगळीकडचीच पद्धत. डब्यात दोन वायरी, एक माझी आणि एक बाईंची. दोन्हींपाशी एकेक हिरवा दिवा, नेट वापरलं की लुकलुकायचा.

मिलिंद रविवारी सकाळी कॉम्प्युटरवर यायचा. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ. बाई इस्त्रीची साडी नेसून बसायच्या, तो बघणार म्हणून. आणि आमच्या टीमचे सामनेही रविवारी सकाळीच. दोघांत मिळून मागून येणारी लाइन एकच, त्यामुळे बाईंचा व्हिडिओ सुरू झाला की माझा गेम अडखळायचा. पोरं वैतागायला लागली. माझ्या जागी दुसरा घेऊ, असं इंदूरवाला एकदा बोलूनही गेला.

त्याच सकाळी मी गॅलरीत जाऊन बाईंची वायर काढली. काय लागतं त्याला? छोटी क्लिप दाबायची आणि ओढायचं. सामना संपल्यावर परत लावली. आजच्यापुरतं, असं मनाशी म्हटलंही. पुढच्या रविवारी काढली तेव्हा तसं काही म्हटलं नाही.

समोरून बाईंचा आवाज यायचा. "हॅलो... मिलिंद? दिसतोय का रे?" मग मी हेडफोन लावायचो.

इथवरच असतं तर कदाचित मी तुम्हाला हे हसत सांगितलं असतं. पण एका रविवारी बाईंनी मला बघायला बोलावलं. वायर माझ्या गॅलरीत लोंबत होती आणि मी त्यांच्या खुर्चीत बसून उगाच माऊस फिरवत होतो, कपाळाला आठ्या घालून. त्यांनी चहा आणून दिला. केबल खराब आहे, एवढं म्हणून सुटता आलं असतं. लोडशेडिंगचे दिवस, कारणांना काय तोटा? पण केबलला नावं ठेवली तर बाई फोनवरचं कनेक्शन घेतील, मग केबलवाला माझीही वायर काढून नेईल — हा सगळा हिशेब मी तो चहा पिता पिता केला.

आणि म्हणालो, "बाई, आपल्याकडून सगळं ठीक आहे. तिकडूनच कुणी येत नाहीये."

बाई म्हणाल्या, "असेल रे. त्याला कामं असतात." आणि कप उचलून आत गेल्या.

पुढे मिलिंदचा फोन आला तेव्हा त्यांनी त्याला विचारलंच नाही. शिकवण्यात जन्म गेलेली बाई, मानी. मला हे कॉम्प्युटरचं जमत नाही, तू नको खोळंबत बसू, असं त्यांनीच त्याला सांगून टाकलं. मला हे जिन्यात सांगताना त्या हसल्या. त्यानंतर रविवारी त्यांचा दिवा लुकलुकला नाही. फोनही हळूहळू सणावारापुरते उरले. माझा गेम मात्र झकास चालला.

काही वर्षांनी बाई बहिणीकडे राहायला निघाल्या. न्यायला मिलिंद आला होता. मी एक बॅग उचलली. बाई आमच्या पुढे, कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. मिलिंद माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मी दर शनिवारी संध्याकाळी तासन्‌तास बसून राहायचो हो. ही यायचीच नाही. मग मीही नाद सोडला."

मी नेहमीच्या आवाजात बोललो असतो तरी बाईंना ऐकू गेलं असतं. आई आणि मुलगा, दोघंही दर आठवड्याला एकमेकांसाठी बसून होते, आणि हे माहीत असलेला माणूस त्यांच्या मागच्या पायरीवर उभा होता.

"हो," मी म्हणालो, "या वयात जमत नाही त्यांना."

बॅग रिक्षात ठेवली. बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. रिक्षा गेली आणि मी वर येऊन खेळायला बसलो.