साडीवरचे पट्टे आणि माझा उजवा डोळा

साडीवर पट्टे दिसताहेत असं मी टीमला सांगितलं, तेव्हा ते दुसऱ्या कुणालाच दिसेनात. साडी वेबसाइटवरची होती. कसबा पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या साड्या आमची कंपनी ऑनलाइन मांडत होती आणि त्या नीट दिसतात की नाही, हे तपासणं माझं काम. काही खटकलं की बग, म्हणजे दोष, नोंदवायचा. एवढ्यासाठी पगार देतात, यावर माझ्या नणंदेचा अजून विश्वास बसलेला नाही.

तपासायला आमच्याकडे एक टूल आहे. ते आपणहून ब्राउझर उघडतं आणि पानांचे फोटो काढतं. हे सगळं चालतं व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे दूरच्या एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात नुसत्या सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये. त्याला ना स्वतःचा पडदा, ना चित्रं काढून देणारं ग्राफिक्स कार्ड. आम्ही आपापल्या लॅपटॉपवर एक खिडकी उघडून त्यात डोकावायचं. पडदाच नसलेलं यंत्र फोटो कसला काढतं, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडलाय. कुणी समजावून सांगितलं की तेवढ्यापुरतं कळतं.

तर सायीच्या रंगाची एक साडी होती, पदराकडे हळूहळू केशरी होत जाणारी. फोटोत तो केशरी हळूहळू येतच नव्हता, पट्ट्यापट्ट्यांनी येत होता. शिवाय साय निळसर दिसत होती. मी दोन्ही गोष्टी नोंदवल्या. आमचा टीम लीड वयानं माझ्या मुलाएवढा, पण कामात चोख. त्यानं स्वतःच्या खिडकीतून त्याच मशीनवर तेच टूल चालवलं.

"मॅडम, माझ्याकडे ओके आहे."

शेजारच्या मुलीनं चालवलं. तिच्याकडेही ओके. मी पुन्हा चालवलं, तर पट्टे. मी माझ्याकडचा साडीचा फोटो लीडला चॅटवर पाठवला. तो म्हणाला, चॅटवरून गेलं की फोटोचं असंच वाटोळं होतं, त्यावर काय जायचं? मग तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि "थोडंसं वाटतंय खरं, तुमचा लॅपटॉप जुना झालाय," म्हणून निघून गेला.

मशीन एक, टूल एक, साडी एक. बदलत होती फक्त बघणारी माणसं. आणि माझा माझ्यावरच भरवसा राहिला नव्हता, कारण महिन्यापूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डावा व्हायचा होता. उजव्यानं पाहिलं की भिंत पांढरीशुभ्र, जवळजवळ निळी. डाव्यानं पाहिलं की तीच भिंत चहा सांडून पुसल्यासारखी. ऑफिसात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. रजा घेताना घरचं काम म्हटलं होतं. रंग तपासणाऱ्या बाईचे दोन डोळेच एकमेकांशी पटवून घेत नाहीत, हे कळल्यावर तिला कामावर कोण ठेवेल? पंचावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेईल? मला भीती वाटत होती.

मी एकदा उजवा डोळा मिटून फोटो पाहिला, एकदा डावा. पट्टे दोन्हींना दिसत होते. निळं फक्त उजव्याला. मग वाटलं, पट्टे तरी डाव्याला खरंच दिसले, की उजव्यानं आधी सांगून ठेवलं म्हणून दिसले? घरी गेल्यावर दूध, भात, उशीचा अभ्रा, सगळं असंच आळीपाळीनं पाहत बसले.

"अहो, तुमचा हा शर्ट पांढरा की पिवळा?"

"तूच आणलायस. बिलावर लिहिलं असेल," नवरा पेपरातून मान न काढता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांचा नाद सोडला. फोटोतल्या कुठल्याही ठिपक्याचा रंग टूल आकड्यांत सांगतं. माझा आणि लीडचा फोटो शेजारी ठेवला आणि पदरावरचे ठिपके एकेक करून विचारत गेले. लीडच्या फोटोत आकडा थोडा थोडा बदलत होता. माझ्या फोटोत बराच वेळ एकच आकडा, मग एकदम उडी. पट्टे खरे होते. मला इतकं हायसं वाटलं की मी उठून चहा घेऊन आले.

कारणही मग सापडलं. माझ्याआधी माझ्या जागेवर जे गृहस्थ होते, त्यांच्या घरचं नेट मंद होतं. म्हणून त्यांनी मशीनकडे पाहायच्या खिडकीला कमी रंगांची सेटिंग दिली होती, आणि ती खिडकी जशीच्या तशी माझ्याकडे आली. प्रत्येक खिडकी जेवढे रंग मागेल तेवढ्याच रंगांत मशीन आत तिच्यापुरतं चित्र काढतं. मी डोकावले म्हणून आतली साडी बदलते, हे मला अजूनही नीट पचलेलं नाही. सेटिंग बदलली आणि पट्टे गेले.

"सॉरी मॅडम, तुमचंच बरोबर होतं," लीड म्हणाला. "म्हणजे तो निळसरपणाही खरा असणार. दोघांना त्याच्यावर लावतो."

सायीच्या रंगाचे आकडे मी तोवर पाहिले होते. दोन्ही फोटोंत जवळपास सारखेच. निळं कुठेच नव्हतं. गप्प बसले असते तर चाललंही असतं. दोघं आठवडाभर शोधत बसले असते आणि काही न सापडून थांबले असते.

"त्यांना नका लावू," मी म्हटलं. "निळं माझ्या डोळ्यात आहे." आणि ऑपरेशनचं सगळं सांगून टाकलं.

तो खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला. मग म्हणाला, "दुसरा डोळा होईपर्यंत रंगांना तुम्ही ओके देऊ नका. बाकीचं बघा." अगदी हळू आवाजात म्हणाला. मला राग आला, पण कुणाचा, ते ठरेना.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. कुठला डोळा खरा, असं विचारलं. "नवा," डॉक्टर म्हणाले. "जुना काही वर्षं पिवळंच दाखवत होता, तुम्हाला सवय झाली होती. दुसराही करून टाकला की फरक जाणवायचा नाही."

"पण मग दोघं मिळून सारखंच चुकायला लागले, तर मला कळणार कसं?"

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "तुम्ही काम काय करता?"

मी डाव्या डोळ्यासाठी लवकरात लवकरची तारीख कुठली मिळेल, ते विचारलं.