ओटीवरच्या चित्रातला अडकित्ता

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. वाडीत काळोखात काही धप्पकन पडलं की बायका किंचाळायच्या, मी जाऊन नारळ उचलून आणायचे. त्यामुळे हे लिहावं लागतंय याचाच मला राग येतोय.

आमचं घर श्रीवर्धनला, मागे नारळ-पोफळीची वाडी. ओटीवर एक मोठं रंगीत चित्र आहे. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी एका फिरत्या चित्रकाराकडून वाडीतच काढून घेतलेलं. आजोबा पोफळींच्या सावलीत खुर्चीवर. मागे त्यांची बायको उभी — एका हातात अख्खी सुपारी, दुसऱ्या हातात उघडा अडकित्ता.

यंदा होळीनंतर माझी नात रेश्मा हिची सुपारी फोडायला पाहुणे आले. सुपारी फुटली की लग्न ठरलं. पोरीने बापाला स्वच्छ सांगितलं होतं, मला अलिबागला नर्सिंग पूर्ण करायचंय. पण माझा मुलगा दिनेश... "पोरींना काय कळतंय? आई, तू मध्ये पडू नको."

नवऱ्यामुलाचे मामा ड्रॉइंगचे मास्तर. त्यांनी मोबाईलवर चित्राचा फोटो काढला आणि शिकवायलाच लागले. "एकोणिसाव्या शतकातलं दिसतंय. बाईच्या चेहऱ्यावरचं समाधान बघा. अख्खी सुपारी म्हणजे अखंड संसार. उघडा अडकित्ता म्हणजे धन्याच्या शब्दाची वाट बघणारी गृहिणी." मग रेश्माकडे वळून, "अशी सून पाहिजे!"

माझं डोकं फिरलं. "मास्तर, समाधान कसलं? दात आवळलेत तिने. पन्नास वर्षं तिच्या तोंडावरची धूळ मी पुसतेय."

"आजी, चित्र वाचायला शिकावं लागतं."

सगळे हसले. दिनेशसुद्धा.

त्याने सुपारी-अडकित्त्याचं तबक पुढे केलं. मास्तरांनी सुपारी उचलली, आणि — कट्!

सगळ्यांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. सुपारी अख्खी. अडकित्ता तबकातच. रेश्मा भिंतीकडे बोट दाखवत होती. चित्रातला अडकित्ता मिटलेला... आणि बाईच्या तळहातावर सुपारीची दोन भकलं.

"उजेडाचा खेळ," मास्तर पुटपुटले.

"मोबाईल काढा," मी म्हटलं.

फोटोत अडकित्ता उघडा होता. मास्तर चहा अर्धा टाकून उठले, मागोमाग सगळे पाहुणे. मास्तरांनी परत तबकात टाकलेली सुपारी तशीच अख्खी राहिली.

रंग जुनाच आहे, तसाच तडकलेला. कुणी हात लावलेला नाही. मग हे झालं कसं? मला माहीत नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा, पण उजेडाचा खेळ म्हणू नका.

रेश्मा अलिबागला शिकतेय. दिनेश अजून म्हणतो, "आई, ते चित्र उतरवू या."

"उतरव की," मी म्हणते. "आधी तिच्या हातातला अडकित्ता उघडून दाखव."