मांडवातले पापड

माझे वडील पहूरच्या बाजूला दुसऱ्यांच्या केळीचे घड वाहायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए. झाले, अंगणवाडी सेविका झाले, तेव्हा कुठे आमची चूल दोन्ही वेळा पेटू लागली. म्हणून मानधनवाढीसाठी आम्ही सेविका जळगावला कचेरीसमोर मांडव घालून बसलो, ती माझी हौस नव्हती. नोकरी गेली असती तर घर पुन्हा घडांखाली गेलं असतं.

दुसऱ्याच दिवशी पाचोऱ्याच्या अंगणवाडीतल्या अक्का रिक्षातून उतरल्या, त्या पोळपाट-लाटणं आणि उडदाच्या पिठाचा डबा घेऊन. निवृत्तीला आलेल्या, अंगाने किरकोळ, बोलणं आपलं अहिराणी. मी माईकवर घोषणा देतेय आणि या माझ्याच सतरंजीवर पीठ कुटताहेत. मी म्हटलं, अक्का, मोर्चात लाटणं वर धरायचं असतं.

"वर धरीसन हात दुखस, बहीन. अन् हात रिकामा ऱ्हायना का डोकामा भलतंसलतं येस."

मग रोज एकीचे पापड. जिची पाळी तिने पीठ आणायचं, लाटायचं सगळ्यांनी, उन्हाळ्यात गावात करतो तसंच. कुंपणापाशी साड्यांवर पापड वाळायचे. बंदोबस्ताचा हवालदार तेल लावलेल्या लाट्या मागून खायचा. एक वार्ताहर आला आणि हसत विचारून गेला, आंदोलन आहे की बचत गट? माझं डोकंच फिरलं. अक्कांना तोंडावर सांगितलं, तुमच्यामुळे आपलं हसं होतंय. त्यांनी माझ्या हातावर लाटी ठेवली. "खाय. उपाशीपोटे रागे भरानं नही."

आणि नोटिसा आल्या. परवापर्यंत कामावर या, नाहीतर कमी करू. दोघी-तिघी रडायला लागल्या. आमच्यातल्या मंगलला घरून फोनावर फोन. तिने पिशवी भरली. मी माईक घेतला, हक्क, एकजूट, येईल तेवढं सगळं बोलले. मंगल चपला शोधतच राहिली.

अक्कांनी लाटणं खाली ठेवलं नाही. "जाय ना मंगल, तुले कोन आडावस? पन तुना पापड व्हई ग्यात. सकाय कमलना शेतस."

मंगल उभी राहिली तशीच; उद्याची पाळी कमलची, आणि तिने मंगलचे लाटले होते. नोकरीवर पाणी सोडेल, पण जिने आपले पापड लाटले तिचे बाकी ठेवून आमच्याकडची बाई निघत नाही. पिशवी आपटून ती म्हणाली, उद्याच्यापुरती थांबते. उद्याचे झाले तोवर परवा कोणाचे, हे अक्कांनी ठरवून टाकलं होतं. माझी पाळी काही येईना. विचारलं तर म्हणाल्या, "तू पुढारी शे. तुना बठ्ठास्ना मांगे." म्हणजे माझे सगळ्यांच्या शेवटी.

अक्का गेल्या थंडीत वारल्या. अजूनही त्यांच्यावर मला चिडायचं असतं. त्या पापडांत रस्त्याची धूळ असायची, दाताखाली कचकच यायची, आणि हे मी सांगितलं की त्या निवांत दुसरा पापड भाजायला घ्यायच्या.

मांडवात शेवटी माझी पाळी आली, आणि माझे पापड लाटत असतानाच नोटिसा मागे घेतल्याचं कळलं. मानधन मागितलं त्याच्या निम्मंच वाढलं. बसलो होतो त्या सगळ्याजणी कामावर परत गेलो.