फक्कीच्या बाहेरचा सामना

प्रिय मिहीर आणि अन्वी,

साताऱ्याहून सकाळी सहाच्या एसटीने निघाले तेव्हा माझ्या पिशवीत थर्मास, छत्री, दोनशे पानी वही, एक निळं आणि एक लाल पेन आणि सुधाआजीसाठी अर्धा किलो कंदी पेढे होते. ही यादी मुद्दाम देते आहे, कारण यातली प्रत्येक वस्तू पुढे कामाला आली. पेढे सोडून. घाटात गाडी दीड तास उभी राहिली आणि मागच्या आसनावरचं बाळ रडायला लागलं. बाळाला एक पेढा दिला, मग बाळाच्या आईला दिला, मग कंडक्टरने नुसतं पाहिलं. पनवेल येईपर्यंत खोक्याला बांधलेला दोरा तेवढा उरला.

मिहीर, तू फोनवर विचारलंस की इंटरनेटवर चाळीस मिनिटं बॅट उगारून उभा असलेला तो मुलगा पुतळा होता का. नाही रे. त्याचं नाव जगदीश. चित्र गोठलं त्यानंतर तो पळाला, आणि सगळा घोळ त्या पळण्यातच झाला. तुम्हा दोघांना मी तिकडे परदेशात फोन करून पहाटे उठवलं, ते पाहायला बसवलं आणि नेमका शेवटच तुम्हाला दिसला नाही, म्हणून आता पहिल्यापासून लिहिते.

घाट उतरला की हवा बदलते. स्वेटर घालून निघालेली माणसं एकेक करून स्वेटर काढायला लागतात. पनवेलच्या अलीकडे न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर लागले. आमची एसटी दोन कपाटांच्या मध्ये सापडलेल्या झाडूसारखी त्यांच्या मधून सरकत होती. स्टँडवर माझ्या बहिणीचे, म्हणजे सुधाआजीचे, यजमान मोरेश्वरराव भावोजी घ्यायला आले होते.

"ताई, उशीर झाला. सोळा षटकं गेली," ते म्हणाले. प्रवास कसा झाला हे त्यांनी घरी पोचल्यावर, जाहिराती लागल्या तेव्हा विचारलं.

भावोजींच्या घरी टीव्हीशेजारी भिंतीवर एक तक्ता चिकटवलेला आहे. कोणत्या संघाचा सामना कोणत्या वाहिनीवर, ती वाहिनी कोणत्या पॅकमध्ये, आणि तो पॅक कधी संपणार, असे तीन रकाने. पूर्वी एकच सरकारी वाहिनी होती आणि गच्चीवर जाऊन अँटेना फिरवली की क्रिकेट दिसायचं. आता सामने दाखवायचे हक्क लिलावात विकले जातात. हा दौरा एकाने घेतला, पुढचा दुसऱ्याने, आणि भावोजी दोन रिमोट हातात धरून त्यांच्यामागे धावतात.

"पूर्वी मी गच्चीवर चढायचो, आता हे पॅकचे भाव चढतात," ते म्हणाले.

"तेव्हा व्यायाम तरी होत होता," सुधाआजी स्वयंपाकघरातून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डबा बिघडला. सेट-टॉप बॉक्सला इथे सगळे डबाच म्हणतात. तो दुरुस्त करायला इक्बालभाई आले. हे पनवेलचे जुने केबलवाले. मूळ कोकणातले, पांढरी टोपी, खांद्यावर वायरचं वेटोळं, बोलणं अत्यंत अदबीचं. येताना बेगमनी दिलेली सांदणं (तांदळाच्या वाफवलेल्या, गोडसर इडल्या) घेऊन आले होते. डबा उघडला, पण त्यांचं लक्ष कशात नव्हतं.

"काय हो, तब्येत ठीक ना?" भावोजींनी विचारलं.

"तब्येत ठीक आहे साहेब. नशीब ढिलं आहे."

मग त्यांनी सांगितलं. पनवेलजवळच्या नेऱ्याच्या पुढे डोंगराखाली एक गाव आहे. तिथे दर हिवाळ्यात भात कापून झालं की शेतात टेनिस चेंडूची स्पर्धा होते. अठरा वर्षं इक्बालभाई ती आपल्या केबलवर दाखवत आले, एका नारळाच्या बदल्यात. या वर्षी स्पर्धेच्या कमिटीने लिलाव केला. त्या गावात जत्रेत देवीपुढच्या नारळांपासून वड्याच्या गाडीच्या जागेपर्यंत सगळ्याचा लिलाव होतोच. या वेळी त्यात 'थेट प्रक्षेपण' हेही आलं. खारघरहून आलेल्या तीन मुलांनी इंटरनेटवर दाखवण्यासाठी बोली लावली. त्यांच्याकडे ड्रोन होता. इक्बालभाईंकडे कॅमेऱ्याची तिपाई होती.

"गावात घराघरावर डिशच्या छत्र्या लागल्या, मॅडम. माझी केबल ठेवलीय ती फक्त आपली पोरं टीव्हीत दिसतात म्हणून. सामना गेला की वायर गेली. मग या वयात मी दुसरं काय करू?"

त्यांच्या खिशात कराराची झेरॉक्स होती. कमिटीचे अध्यक्ष पांडूशेठ यांनी ती त्यांना प्रामाणिकपणे दिली होती. करार इंग्रजीत असल्यामुळे सही करूनही तो कोणी वाचला नव्हता.

"आमच्या ताईंनी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय," भावोजी म्हणाले, आणि मी लाल पेन काढलं.

पहिल्या पानावर अकरा चुका निघाल्या. दुसऱ्या पानावर मी थांबले. हक्क कशाचे, तर सीमारेषेच्या आत घडणाऱ्या सर्व गोष्टींचे. बाहेरच्याबद्दल अक्षर नव्हतं.

"इक्बालभाई, सीमारेषेच्या बाहेर काय असतं?"

"पब्लिक," ते म्हणाले. मग त्यांनी डब्याचं झाकण हळूच खाली ठेवलं.

रविवारी अंतिम सामन्याला आम्ही त्यांच्या व्हॅनमधून निघालो. सुधाआजी पुढे, भावोजी आणि मी मागे वायरच्या वेटोळ्यांवर. नेऱ्याच्या पुढे रस्त्याकडेला शेतघरं आणि त्यांच्या गुलाबी भिंती, मग मोकळी शेतं आणि समोर डोंगर. मैदानाच्या कडेने फक्की (चुन्याची पांढरी पूड) टाकून सीमारेषा आखली होती. एका खुंटीला बक्षिसाचा बोकड बांधला होता. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि ती तो स्वतःच खात होता.

इक्बालभाईंनी तिपाई रेषेच्या बरोबर बाहेर रोवली आणि कॅमेऱ्याची पाठ मैदानाकडे केली. वर माझी छत्री बांधली. खारघरचा एक मुलगा धावत आला.

"ओ चाचा, हक्क आमचे आहेत."

"आतले," इक्बालभाई म्हणाले. "आत मी बघतसुद्धा नाहीये."

पांडूशेठ आले. सोन्याची साखळी, पांढरे कपडे, आणि कुठलीही गोष्ट लगेच ठरवायची नाही असा स्वभाव. त्यांनी फक्कीकडे पाहिलं, तिपाईचे तिन्ही पाय मोजले. "पाय तं बाहेर हायेत," ते म्हणाले, आणि मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. "मावशी, तुमी इथं बसा. ऊन नाय लागणार."

पण एक अडचण होती. घरी बसून पाहणाऱ्यांना धावा किती झाल्या ते कळणार कसं? मी बाहेरची माणूस, आणि माझ्याकडे वही होती. पांडूशेठच्या नातीची पाटी मिळाली. प्रत्येक चेंडू मी वहीत मांडायचा आणि पाटीवर धावा लिहून कॅमेऱ्यासमोर धरायच्या, असं ठरलं. चौतीस वर्षं मुलांना पाट्या वर करायला लावल्या, त्याची ही परतफेड असावी.

माझ्या शेजारी द्वारकाबाई बसल्या होत्या. पनवेलच्या बाजारात भाजी विकतात. त्यांचा मुलगा जगदीश या गावाचा मुख्य फलंदाज. समोर खेळणारा संघ नदीपलीकडच्या गावाचा.

"पोरगा चांगला खेळतो का हो?" मी विचारलं.

"ख्येळतो. घरात ताट उचलाचं म्हनला का कंबर दुखते."

सामना सुरू झाला. इक्बालभाई मैदानाकडे पाठ करून उभे, त्यामुळे तिसऱ्याच षटकात एक चेंडू त्यांच्या पाठीत बसला. ते हलले नाहीत. "चौकार आहे मॅडम, लिहा," एवढंच म्हणाले.

आणि मग त्यांचा फोन वाजायला लागला. गावातल्या घराघरांतून, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांपासून नव्या सुनांपर्यंत, सगळे केबल लावून बसले होते. एक आजी म्हणाल्या, त्या पाटीवाल्या बाईला जरा बाजूला घ्या, मागे माझा जावई बसलाय तो दिसत नाही. एकीने विचारलं, तिसऱ्या रांगेतल्या माणसाने किती वडे खाल्ले ते परत दाखवता येईल का. इंटरनेटवर मैदान वरून दिसत होतं आणि माणसं मुंग्यांएवढी. इथे माणसं माणसांएवढी होती.

शेवटच्या षटकाआधी एक घार आली. कर्नाळ्याच्या अभयारण्याच्या बाजूने आली असं भावोजींचं मत आहे, कारण त्यांना तिथल्या पक्ष्यांबद्दल आदर आहे. तिने ड्रोनभोवती दोन चकरा मारल्या, तो पायांत धरला आणि डोंगराकडे निघून गेली. सगळं चित्रण त्यातच होतं. खारघरच्या मुलांनी मग मोबाइलवरून दाखवायला सुरुवात केली. पण मैदानातली सगळी तरुण पोरं समोरचा सामना आपापल्या फोनवर पाहत होती, त्यामुळे तिथला एकुलता एक टॉवर दमला. जगदीशने बॅट उगारली आणि तुमच्याकडे चित्र थांबलं.

एक चेंडू, दोन धावा हव्यात. बरोबरी झाली तर बोकड गेल्या वर्षीच्या विजेत्यांचा, म्हणजे पलीकडच्या गावाचा, असा कमिटीचा नियम. जगदीशने मारला, पहिली धाव घेतली, दुसरीसाठी वळला आणि यष्टींपाशी स्वतःला झोकून दिलं. तिथल्या रेषेची फक्की उडाली ती पंचांच्या डोळ्यांत गेली. दुसरे पंच अजून आकाशात ड्रोन शोधत होते. यष्ट्या पडल्या. एक गाव ओरडलं आउट, दुसरं ओरडलं नॉट आउट, आणि दोन्ही गावं बोकडाकडे निघाली.

"थांबा," पांडूशेठ म्हणाले. "सातारच्या मावशी शिकलेल्या हायेत, कोनाच्या बाजूच्या नाय. त्यांच्या वहीत काय हाय ते बघू."

मी वही उघडली. सामन्यातला प्रत्येक चेंडू निळ्या शाईत नीट मांडलेला. शेवटचा चौकोन कोरा. मुलांनो, त्या क्षणी माझ्या थर्मासचं झाकण अडकलं होतं आणि मी मान खाली घालून ते फिरवत होते. हे मी दोन गावांसमोर सांगितलं. बोकडानेसुद्धा माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा इक्बालभाई पुढे आले. "सामना माझ्याकडे नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही सगळे आहात."

व्हॅनमधल्या छोट्या टीव्हीवर त्यांनी शेवटचा चेंडू लावला. पडद्यावर फक्त माणसं. या गावाने हात वर केलेले, पलीकडच्या गावानेही हात वर केलेले. काही कळेना. मी मधोमध, थर्मासशी झटत.

"पुना लाव," पांडूशेठ म्हणाले. "द्वारकाकाकूंकडं बघा. त्या यष्ट्यांच्या रेषेसमोरच बसलेल्या."

पुन्हा लावलं. द्वारकाबाई उभ्या राहिल्या. तोंड उघडं. मग कोणी ओरडायच्या आधीच त्या खाली बसल्या आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला. सगळे त्यांच्याकडे वळले.

"काकू, काय बघितलं?"

"टीवीत दिसला ना? मंग माला कशाला इचारता?" त्या म्हणाल्या. मग पदर सावरत, "आउट हाय. ब्याट बाहेर व्हती. लहानपनापासून तसाच. शाळंत पन दारात उभा राहाचा, आत जायाचा नाय."

"आई, बोकड गेला ना," जगदीश म्हणाला.

"जाऊ दे. त्याला पाला कोन घालनार व्हता? मीच ना?"

पलीकडच्या गावाने बोकड सोडला. भांडण तिथेच संपलं, पण खारघरची मुलं हुशार. त्यांनी पांडूशेठना गाठलं. पुढच्या वर्षी आतलंही आम्ही घेतो आणि बाहेरचंही, बोला किती. पांडूशेठचा हात सवयीने वर गेला. इक्बालभाई वायर गुंडाळत होते, ते थांबले. वायर हातात तशीच राहिली.

"ए पांडू," द्वारकाबाई म्हणाल्या. "आत पोरं ख्येळतात ती कमिटीची. बाहेरची तोंडा आमची. आमच्या तोंडाचा लिलाव तू कसा करतोस?"

बायका हसायला लागल्या. मागून कोणीतरी म्हणालं, तोंडं इक्बालभाईंनाच द्यायची. पांडूशेठनी हात खाली घेतला आणि डोकं खाजवलं, जणू त्यासाठीच तो वर गेला होता. बोली तिथेच ठरली: एक नारळ, आणि अट एकच, वडा खाताना कोणाला दाखवायचं नाही. इक्बालभाईंनी नारळ द्यायचा की घ्यायचा हे कोणालाच आठवेना, म्हणून तो फोडून वाटून टाकला.

उन्हं उतरताना शेतात पोपटी लावली (मडक्यात वालाच्या शेंगा आणि अंडी घालून, भांबुर्डा या रानझुडपाचा पाला कोंबून, मडकं उपडं करून भोवती जाळ करतात). दोन्ही गावं एकाच जाळाभोवती बसली. खारघरच्या मुलांनाही शेंगा मिळाल्या. भावोजींनी त्यांना समजावलं की मोठ्या वाहिन्याही हेच करतात, फक्त त्यांना घार भेटत नाही.

परतीच्या एसटीत माझ्या पिशवीत इक्बालभाईंनी दिलेल्या दोन डीव्हीडी होत्या. आता मी टीव्हीवर क्रिकेट पाहते तेव्हा खेळाडूंकडे फारसं बघत नाही. प्रेक्षकांत कोणाची आई बसली आहे का, ते शोधते. दाखवत नाहीत. एवढे हक्क विकत घेतात आणि नेमकी तीच बाजू सोडून देतात.

डीव्हीडी पोस्टाने पाठवते आहे. त्यात सामना कुठेही नाही, बाकी सगळं आहे. वहीतला तो कोरा चौकोन मी लाल पेनने भरला: 'बाद, आईच्या साक्षीने.' दुसऱ्या डीव्हीडीच्या अगदी शेवटी सगळी माणसं उभी दिसतील आणि पहिल्या रांगेत एक बाई मान खाली घालून थर्मासशी भांडताना दिसेल. झाकण शेवटी उघडलं. चहा गार झाला होता.

तुमची,
आजी